पाच वाजण्याआधीचा समुद्र

सिन्नरच्या बाजारपेठेत भुसार आणि किराणा मालाचे तीन पिढ्यांचे दुकान असलेल्या एका कुटुंबात सुट्टीसाठी कोठे जावे हा प्रश्न दोन महिने गाजत होता. तो शेवटी एका जुन्या वहीने सोडवला.

वही दादींची होती. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एका चातुर्मासात महासतीजींच्या समक्ष बारा व्रते घेताना त्यांनी आपल्या सर्व मर्यादा स्वतःच्या अक्षरात तीत लिहून ठेवल्या होत्या. किती वस्त्रे, किती द्रव्ये, किती वाहने. सहाव्या व्रताच्या पानावर दिशांची नोंद अशी होती: ‘चारही दिशांना हिंदुस्थानच्या हद्दीपर्यंत. वर विमान चालेल. खाली विहिरीच्या पायऱ्यांपर्यंत.’ पुण्याला नोकरी करणारा नातू मालदीव म्हणत होता. मालदीव महाग वाटल्यास मॉरिशस म्हणत होता. त्याला बेट हवे होते. दादी म्हणाल्या, “तुम्ही जा. मी घर सांभाळते.” त्यांच्या स्वरात रुसवा नव्हता, आणि नेमकी तीच अडचण झाली. रुसव्याची समजूत काढता येते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने सहजपणे सोडून दिलेला हक्क घेताना मात्र हात अडखळतो. मग मुलाने, म्हणजे दुकानाच्या आजच्या मालकाने, नकाशा उघडला आणि बेटही असेल व हिंदुस्थानही असेल अशी जागा शोधली. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी बेटे आणि खडक मिळून ८३६ आहेत. मनुष्यवस्ती त्यांतील तीसएक बेटांवरच. व्रताच्या पानाला धक्का न लावता समुद्रापार नेणारी ही एकच दिशा त्यांना उरली होती असे नाही, लक्षद्वीपही आहे. परंतु अंदमानच्या बाजूने आणखी एक कारण होते.

ते कारण गल्ल्यात होते. २००१ साली वीस रुपयांची जी लालसर नोट चलनात आली, तिच्या पाठीवर माड, समुद्र, पलीकडचा डोंगर आणि एक दीपगृह आहे. दादींचे यजमान रात्री हिशेब मिटवताना ती नोट उलटी करून म्हणत, “एकदा बघू, हे कुठे आहे ते.” दुकानात वीसच्या नोटा दिवसाला शेकडो येत, म्हणून हे वाक्यही वारंवार येई, आणि वारंवार येणाऱ्या वाक्याकडे घरात कोणी लक्ष देत नाही. ते चित्र पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएटचे व नॉर्थ बेच्या दीपगृहाचे आहे, हे नातवाने शोधून काढले तोवर ते राहिले नव्हते. २०१९ साली वीसची नवी नोट आली. तिच्यावर वेरूळ आहे, आणि वेरूळ तर सिन्नरकरांनी शाळेच्या सहलीतच पाहिलेले असते.

डिसेंबरचा पहिला आठवडा ठरला. दिवाळीचा उठाव संपलेला, संक्रांतीच्या तीळगुळाचा माल अजून यायचा. व्यापाऱ्याच्या वर्षात इतकी मोकळी फट क्वचितच सापडते. दुकान मुनीमजींवर सोपवले. सामानात खाखरे, मेथीचे ठेपले, भाजलेली मूगडाळ आणि पाणी उकळण्याची विजेची किटली. मुंबई, चेन्नई आणि तेथून सुमारे दोन तासांच्या उड्डाणाने पोर्ट ब्लेअर. या शहराला २०२४ पासून श्री विजयपुरम् असे नाव आहे, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनेच आहे.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. घरी चौविहार म्हणजे साडेपाचपर्यंत जेवण, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. डिसेंबरात सिन्नरला सूर्य सहाला चार-पाच मिनिटे असताना मावळतो. त्या हिशेबाने हॉटेलात सव्वापाचला ताटे मागवली होती. साडेचारनंतर दादी खिडकीशी गेल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, “अरे, हा तर निघाला.” सूर्य टेकडीला टेकायला आला होता. आपल्या घड्याळातील वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून घेतलेली आहे आणि अंदमान त्याच्या दहा अंश पूर्वेला आहे. तेव्हा घड्याळ सर्व देशाचे एक असले तरी सूर्य तेथे लवकर उगवतो व लवकर मावळतो. त्या दिवसांत सूर्यास्त पाचला पाच-सहा मिनिटे कमी असताना होतो. दादींनी उरलेल्या वेळात दोन खाखरे खाल्ले, पाणी घेतले, पच्चक्खाण केले. ताटे आली तेव्हा काळोख पडला होता. सुनेचे डोळे भरून आले. दादी मात्र हसत होत्या. “सिन्नरचं पंचांग घेऊन आलो आपण,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री मुलाने हॉटेलच्या पाठकोऱ्या बिलावर कोष्टक मांडले. सूर्योदय साडेपाचच्या आधी, नवकारशी सव्वासहाच्या सुमारास, दुपारचे भोजन अकराला, संध्याकाळचे चारला. सिन्नरला नवकारशीला पावणेआठ होतात. म्हणजे सारा दिवसच दीड तास अलीकडे सरकला. हे कोष्टक पुढे या सहलीचा कणा झाले, आणि बेटे पाहण्यासाठी याहून चांगला कणा एखाद्या जाणत्या प्रवाशानेही आखून दिला नसता. बेटांवरची सुट्टी म्हणजे उशिरा उठणे, दहाला न्याहारी आणि उन्हे चढल्यावर किनाऱ्यावर जाणे, असा एक समज आहे. अंदमानात असे करणाऱ्याचा अर्धा दिवस निजण्यात जातो आणि उरलेला उन्हात.

रॉस बेट त्यांनी सकाळच्या पहिल्या फेरीने पाहिले. २०१८ पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. इंग्रजांच्या अंदमानातील कारभाराचे मुख्य ठाणे येथे होते. १९४१ च्या भूकंपाने ते खिळखिळे झाले आणि पुढच्याच वर्षी जपानी सैन्य आले. आता गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या विटा वडापिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळ्यांत आवळून धरल्या आहेत, आणि त्या भिंतींमधून हरणे व मोर निर्धास्त हिंडतात. माणसाने हात पुढे केला तर हरीण हुंगायला येते. दादी तेथे बराच वेळ बसल्या.

सेल्युलर जेलही पाहिले. सात पाख्यांपैकी तीनच उरले आहेत. शेजारच्या नाशिक तालुक्यातील भगूरचे सावरकर बंधू या भिंतींआड होते. धाकटे विनायकराव १९११ ते १९२१. भगूरच्या बाजाराला माल पाठवणाऱ्या दुकानदाराला त्या कोठडीपुढे काय वाटले ते त्याने कोणाला सांगितले नाही. जाताना त्याने कोठडीच्या रुंदीची पावले मोजली, एवढे नातवाने पाहिले.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून जाणारी खाडी फार सुंदर असल्याचे सगळेच सांगतात. रस्त्याने जायचे तर तो रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबणे व छायाचित्रे घेणे मना आहे. तरीही गाडीत बसलेल्यांच्या नजरा झाडीत काय शोधतात हे सर्वांना ठाऊक आहे. या कुटुंबाने ती वाट टाळली, आणि टाळली हे बरेच केले.

पोर्ट ब्लेअरहून जलद नौकेने स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, दीड-दोन तासांवर आहे. नौका उघड्या समुद्रात आली तेव्हा नातीने विचारले, “दादी, हाच का तो लवणसमुद्र?” अढीद्वीपातील साधु-साध्वींना प्रतिक्रमणात रोज वंदना करणाऱ्या बाईला द्वीप हा शब्द नवा नव्हता, नवे होते ते डोळ्यांनी पाहणे. सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्यात लोकांचे दिवस जातात, आणि मोठे पाणी म्हणून दादींनी पाहिलेले म्हणजे नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय, तोही थंडीत पक्षी पाहायला गेल्यावर. त्या काठावर ओल्या हाताने उभ्या राहिल्या, बोट ओठाला लावले, आणि म्हणाल्या, “खारं आहे. लवणच.”

स्वराज द्वीपावरील राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. उंच वृक्षांचे दाट रान थेट वाळूपर्यंत येते, वाळू फिकी आणि मऊ, चढ इतका संथ की लाट लांबवर पसरत जाते. २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला आशियातील उत्तम किनारा म्हटले, तेव्हापासून गर्दी वाढली. गर्दी येते ती चारनंतर, सूर्यास्तासाठी. त्या वेळी बहुतेकांना भूक लागलेली असते, त्यामुळे बिंब बुडण्याआधीच मंडळी टपऱ्यांकडे वळू लागतात. या कुटुंबाचे जेवण चारला आटोपलेले असे. हात धुऊन, पाणी घेऊन, पच्चक्खाणाची तयारी ठेवून सहाही जण वाळूवर बसत. पुढे खायचे काही नाही, कोठे जायचे नाही. सूर्य बुडाल्यावर आकाशात जे रंग उमटतात ते सूर्यास्तापेक्षा अधिक काळ टिकतात, हे सुनेने तेथे पहिल्यांदा पाहिले. लग्नानंतरच्या एकोणतीस वर्षांत ती वेळ नेहमी स्वयंपाकघर आवरण्याची होती.

अणगळ पाण्यात उतरायचे नाही म्हणून दादी लाटेच्या रेषेपासून दोन हात दूर बसल्या होत्या. एक लाट इतरांपेक्षा पुढे आली आणि त्यांच्या पायांवरून गेली. घरी परतल्यावर शेजारणींना त्यांनी हेच सांगितले: “मी समुद्रात गेले नाही. तोच आला होता.”

या बेटाच्या पूर्वेकडचा कालापत्थर किनारा पहाटेचा. साडेपाचच्या आत तेथे पोहोचले की काळे खडक आधी निळसर दिसतात, मग तांबूस. नवकारशीला पाऊण तास असल्याने घाई नव्हती, आणि किनाऱ्यावर या कुटुंबाखेरीज दोन कुत्री होती.

सर्वांत अधिक बोलणे झाले ते शहीद द्वीपावर. हे जुने नील बेट. आकाराने लहान, सपाट, आणि भाजीपाल्याचे कोठार म्हणून नावाजलेले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या कुटुंबांनी येथे शेती वसवली. कच्ची केळी, पडवळ, भोपळा, नारळ. जमीकंद न वापरता रसोई कशी करावी हे स्वयंपाक्याला समजावण्यात सून अर्धा तास घालवणार होती. त्याने दोन मिनिटांत कच्च्या केळ्याची भाजी पुढे ठेवली. त्या दिवशी चतुर्दशी होती, तेव्हा दादींनी तीही घेतली नाही. मूगडाळ व पोळी घेतली. आरक्षण करताना तिथ्या पाहून ठेवाव्यात, हे सुनेने वहीत लिहून घेतले.

येथील किनाऱ्यांची नावे रामायणातील आहेत: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला लाटांनी कोरलेली खडकाची कमान आहे. तेथे ओहोटीलाच जाता येते. पाणी मागे सरले की जुन्या प्रवाळाचे खडबडीत पठार उघडे पडते, आणि त्यातील खळग्यांत पाणी साठून राहते. सर्व प्रवासी या पठारावरून चालत कमानीपर्यंत जातात. दादीही निघाल्या. वीसएक पावलांवर थांबल्या. पायाशी एका खळग्यात काळसर, बोटभर लांबीचे काही हलत होते. शेजारी शंखात दडलेला खेकडा. त्यापलीकडे चिमुकले मासे. वाटाड्या एकेक जीव तळहातावर उचलून लोकांना दाखवत होता, लोक छायाचित्रे काढत होते, मग तो जीव पुन्हा पाण्यात टाकला जाई.

“पाय ठेवायला जागा नाही,” दादी म्हणाल्या, आणि मागे वळल्या.

नातू म्हणाला, की खडक मेलेला आहे, जिवंत प्रवाळ आत खोल पाण्यात असते. ते खरे होते. मग त्याने सांगितले की प्रवाळ म्हणजे दगडही नव्हे, वनस्पतीही नव्हे. हजारो सूक्ष्म प्राणी आपल्या भोवती चुन्याचे घर बांधतात, आणि त्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाणी नेहमीपेक्षा तापले की ते शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते, आणि तसेच राहिले तर मरते. दादींनी ऐकून घेतले. त्यांनी लहानपणी पाठ केलेल्या जीवविचारात पोवळे पृथ्वीकायात मोजलेले आहे; शंख, कवड्या बेइंद्रियांत. शास्त्र पोवळ्याला एक इंद्रिय देते, विज्ञान त्याला प्राणी म्हणते. हा भेद काही लहान नाही, आणि त्यावर नातवाने वाद घालावा असा त्याचा विचारही दिसत होता. परंतु जीव आहे, याबद्दल दोघांत वाद उरला नव्हता, आणि पाय कोठे ठेवावा हा प्रश्न तेवढ्याने सुटत होता. नातू कमानीपर्यंत गेला, पण खळगे चुकवत, इतका सावकाश की भरती सुरू होण्याच्या सुमारास परतला. नातीने गोळा केलेले शंख-शिंपले दादींनी एकेक उलटून पाहिले. दोनांत कोणी राहत होते. ते तिने परत नेऊन ठेवले. उरलेलेही किनाऱ्यावरच सोडले. विमानतळावर सामान तपासतात, आणि प्रवाळाचा तुकडा तर मेलेला असला तरी वन्यजीव कायद्याने नेता येत नाही.

ज्यांना इतके दूर जाणे जमणार नाही, किंवा ज्यांच्या वहीत पूर्वेची मर्यादा अलीकडे आहे, त्यांना मालवण आहे. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग, होडीचा छोटा प्रवास, आणि डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. चौविहाराला धावपळ नाही.

धावपळ अंदमानात झाली, आणि ती कोष्टक असूनही झाली. शहीद द्वीपाहून परतीची नौका दुपारी दोनची होती, ती साडेतीनला सुटली. सामान आधीच खाली ठेवून घेतले होते. जेवणाचा डबा, उकळलेल्या पाण्याची बाटली आणि दादींच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच पिशवीत. मुलगा दोनदा विचारून आला. धक्क्याला लागल्याशिवाय सामान मिळणार नव्हते. पश्चिमेच्या खिडकीतून सूर्य खाली येत होता आणि बंदर अजून दिसत नव्हते. व्यापारी माणूस उधारी बुडाली तरी आवाज चढवत नाही. त्या दिवशी त्याने चढवला, आणि लगेच गप्प झाला, कारण ज्याच्यावर चढवला तो वीस-बावीस वर्षांचा खलाशी होता व त्याच्या हातात काही नव्हते. सूर्य समुद्रात गेला. दादी डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी मनातल्या मनात पच्चक्खाण केले होते.

बंदरावर पिशवी हाती आली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. प्रश्न जेवणाचा नव्हता. दादींनी आयुष्यात पुष्कळ उपवास केले आहेत. प्रश्न गोळीचा होता. मुलगा म्हणाला, घ्या. दादी म्हणाल्या, सकाळी घेईन. तेव्हा सुनेने पिशवीतून ती वही काढली. सासूबाईंची व्रतांची वही प्रवासात बरोबर घ्यावी असे तिला का वाटले होते, हे तिने सांगितले नाही. रात्रिभोजन-त्यागाच्या पानावर शेवटची ओळ दादींच्याच अक्षरात होती: ‘औषध-पाण्याचा आगार.’

“तुम्हीच ठेवला आहे,” सून म्हणाली.

दादींनी ओळ दिव्याखाली धरून वाचली. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच अक्षराकडे त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. मग गोळी घेतली, उकळलेल्या पाण्याचा एक घोट घेतला, आणि पेला खाली ठेवला. सिन्नरला परतल्यावर विहारात असलेल्या महासतीजी वावीच्या रस्त्याला भेटल्या, तेव्हा त्यांच्यापुढे त्यांनी त्या घोटाची आलोचना केली. आगार असूनही केली.

शेवटच्या दिवशी हॅडोच्या टेकडीवर गेले. नोटेवरचे दृश्य येथून दिसते. समोर खाडी, पलीकडे गर्द हिरवा डोंगर. माउंट हॅरिएटचे नाव २०२१ साली माउंट मणिपूर झाले. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरच्या महाराजांना व त्यांच्या सहकाऱ्यांना या बेटांवर हद्दपार केले होते, त्यांची ती आठवण. दादींनी वहीच्या मागच्या कव्हरातून घडी न पडलेली एक लाल वीसची नोट काढली. ती तेथे आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हते. सर्वांनी आळीपाळीने नोट डोळ्यांपुढे धरून पाहिली. माड जुळले नाहीत. इतक्या वर्षांत काही पडले असतील, काही वाढले असतील. डोंगराची रेषा जुळली. दीपगृह नातीला आधी सापडले.

दादी नोट हातात घेऊन उभ्या राहिल्या. मुलगा दोन पावले मागे थांबला. काही वेळाने त्यांनी ती पुन्हा वहीत ठेवली.

“सूर्यास्ताला किती आहे?”

“पस्तीस मिनिटं.”

“मग चला. पाणी घ्यायचं आहे.”